विषय : वार्षिक गाऱ्हाणे

माझं घर ज्या कामावर चालतं ते काम मी आईला आजवर सात-आठ वेळा समजावून सांगितलंय, आणि दर वेळी ती शेवटी एकच विचारते, "म्हणजे दुरुस्त कोण करतं?" दुरुस्त करणारे दुसरे असतात. मी फक्त लिहितो. कॉम्प्युटरमध्ये फाइली कुठे ठेवायच्या, त्यांची नावं कशी लक्षात ठेवायची, पुसलेल्याची जागा दुसऱ्याला कधी द्यायची, हे बघणारी जी व्यवस्था असते तिला फाइल सिस्टिम म्हणतात. अशा व्यवस्था सांभाळणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते, आणि त्यात काय काय बिघडतं याची यादी ठेवणं हे माझं काम आहे. एका रकान्यात माहीत असलेली अडचण, शेजारच्या रकान्यात तोडगा. फाइलचं नाव फार लांब असेल तर कॉपी होत नाही. नाव लहान करा. डिस्क न सांगता उपटली तर शेवटची फाइल अर्धवट राहते; उपटू नका. असलं लिहायला फार अक्कल लागत नाही, फक्त हसू दाबून ठेवावं लागतं. काही ओळींपुढे मी 'तोडगा नाही' असे दोन शब्द लिहितो आणि जेवायला जातो.

बाबांना हे कधीच पटलं नाही. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या जावक विभागात गेली. बाहेर जाणाऱ्या कागदाला क्रमांक द्यायचा, त्याची नोंद करायची आणि तो शिपायाच्या हातात ठेवायचा. "म्हणजे मोडकं आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि तरी लोकांना देता," ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, "सगळेच देतात, बाबा. आम्ही निदान लिहून देतो." त्यावर त्यांनी पेपरची घडी घातली आणि विचारलं, "लिहून दिलं की सुटलास काय तू?" मला राग आला. मला राग पटकन येतो, आणि बहुतेक वेळा समोरचा बरोबर असला की येतो.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. मुंबईतली खोली सोडून मीरा रोडला पूनम सागरमध्ये आलो तेव्हा मी सहावीत होतो. पुढे गावच्या वाडीतली बाकीची घरंही इकडेच सरकली. कुणी पेणकरपाड्यात, कुणी काशीगावात, कुणी भाईंदरला खाडीच्या अंगाला. गावाकडे आता कुलपं जास्त आणि माणसं कमी आहेत. इथे मात्र माघात एका रविवारी सगळे जमतात. पेणकरपाड्यातल्या एका सोसायटीचा हॉल घेतात, पूजा होते, पंगत उठते. पण खरं सांगायचं तर लोक येतात गाऱ्हाण्याला. नारळ हातात धरून देवापुढे उभं राहायचं आणि सगळ्यांच्या वतीने एकाने मोठ्यानं बोलायचं. वाक्याच्या शेवटी 'म्हाराजा' आलं की बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्यात हे गाऱ्हाणं माझे बाबा घालायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील.

एरवी बाबा घरातसुद्धा कचेरीतलं मराठी बोलत. "सदर आमटीत मीठ नाही" हे वाक्य आम्ही गंमत म्हणून सांगायचो, पण ते त्यांनी खरोखर म्हटलेलं होतं. नारळ हातात आला की मात्र हा माणूस बदलायचा. मान वर, डोळे मिटलेले, आणि आवाज पोटातून. "बा गावदेवी म्हाराजा, तुजी लेकरां आज गाव सोडून हितं ऱ्हायलीत, पर तुला इसरली न्हाईत रं म्हाराजा." आधी गावदेवी, मग वेशीवरचे राखणदार, मग विहिरीपाशी ज्याला दिवा लावतात तो, मग वाडी वसवणारे मेलेले म्हातारे एकेक करून, आणि सगळ्यात शेवटी हयात मंडळी. कुणाच्या आधी कुणाला हाक मारायची हे ठरलेलं. एक जरी चुकला तरी म्हाताऱ्या बायका वर्षभर बोलून दाखवणार. हयात मंडळींचा भाग दर वर्षी नवा असायचा. त्यासाठी बाबा पंधरा दिवस आधीपासून सगळ्यांना फोन करत. मग काशीगावातल्या एकाच्या रिक्षाचं परमिट, पेणकरपाड्यातल्या इमारतीची बंद लिफ्ट, कुणाच्या सुनेची न उजवलेली कूस, माझ्या ऑफिसातली कपात, सगळं त्या बोलण्यात कुठेही सांधा न दिसता येऊन बसायचं. लोक हसायचे, लोक रडायचे, आणि व्हय म्हाराजा म्हणायचे.

मी पण म्हणायचो. चाळीस वर्षं मी तेवढंच म्हणत आलोय.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास बाबांचा घसा बसला. सर्दीने असेल, धुळीने असेल, इकडे मेट्रोचं खोदकाम, असं म्हणता म्हणता तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की गाठ आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही. ऑपरेशनला दोन आठवडे होते. बाबांनी एकच प्रश्न विचारला, तो मला. रिक्षात बसल्यावर विचारला. "तुला गाऱ्हाणं किती येतं?"

"येतं की थोडंफार," मी म्हणालो.

"म्हण."

मी सुरुवातीचं वाक्य म्हटलं. दुसऱ्या वाक्यात राखणदारांपाशी येऊन थांबलो. रिक्षावाला आरशातून बघत होता. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझ्यासमोर बस. रोज तासभर. पंधरा दिवसांत तोंडपाठ होतंय. मी पण असाच शिकलो."

आता इथे मला जे सांगायचंय ते सांगताना अजून लाज वाटते. त्या दोन आठवड्यांत आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडणार होती. यादी माझ्याकडे होती. पहिल्या दिवशी मी बसलो, वीस मिनिटं, त्यात तीनदा फोन वाजला. दुसऱ्या दिवशी बसलोच नाही. तिसऱ्या दिवशी मी बाबांना म्हणालो, "बाबा, तुम्ही रेकॉर्ड करून ठेवा. म्हणजे मला सावकाश, हवं तितक्या वेळा ऐकून शिकता येईल." मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटली होती. तोडगे काढायची सवयच लागलीये ना.

"यंत्रात गाऱ्हाणं घालू?" बाबा म्हणाले. "समोर कोण? देव नाही, माणूस नाही."

"आई बसेल समोर. व्हय म्हाराजा म्हणायला."

त्यांनी आईकडे पाहिलं. मग, "बरं. तुला वेळ नाही, त्याला काय करणार," म्हणाले. टोमणा नव्हता तो. कचेरीत एखाद्या साहेबाला वेळ नसतो तसं त्यांनी ते मान्य केलं. टोमणा मारला असता तर मी निदान भांडलो असतो.

त्यांच्याकडे माझा जुना लॅपटॉप होता. तो फार रडत चालायचा म्हणून मी त्यात नवी डिस्क बसवली होती आणि फुकट मिळणारी एक वेगळी सिस्टिम टाकून दिली होती. रोज सकाळी, आंघोळ-पूजा आटपली की बाबा आतल्या खोलीत पंखा बंद करून बसायचे. समोर आई. घसा दुखायचा म्हणून एका दिवशी एकच भाग. बंद दाराबाहेर मी माझ्या टेबलाशी बसून अडचणी लिहीत असायचो, आणि आतून तो आवाज यायचा, आधीच फाटायला लागलेला, आणि मग आईचं बारीक 'व्हय म्हाराजा'. मी कानांत इअरफोन घालायचो. मीटिंग असायची.

एकदा मी सहज त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. बाबा एका बोटाने फाइलचं नाव टाइप करत होते : 'विषय : वार्षिक गाऱ्हाणे, भाग तिसरा, राखणदार व इतर'. मी हसलो. "बाबा, फाइलचं नाव आहे ते, अर्ज नाही."

"विषय लिहिल्याशिवाय कागद पुढे जात नाही," ते म्हणाले आणि टाइप करत राहिले.

मी हसून बाहेर आलो. 'विषय'च्या पुढची ती दोन टिंबं मला दिसली. ती दुसऱ्या कुणाला नाही तरी मला खटकायला हवी होती. कारण माझ्या यादीत त्यांच्यावर एक अख्खी नोंद आहे, मीच लिहिलेली. बाबांच्या लॅपटॉपवरच्या सिस्टिमला नावात ती दोन टिंबं चालतात. माझ्या लॅपटॉपवरच्या सिस्टिमला चालत नाहीत. अशी फाइल बाहेरच्या डिस्कवर घालून इकडे आणली तर ती नुसती दिसते, उघडत नाही. तोडगा : डिस्क पुन्हा मूळ मशीनला लावून नाव बदला. आणि त्याखाली ठळक अक्षरांत : डिस्क दुरुस्त करण्याचा पर्याय निवडू नका, अशा फाइली नाहीशा होऊ शकतात. हे वाक्य लिहून मला दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी ते आठवलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी माझ्याकडून बाहेरची डिस्क मागून घेतली. दुपारी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली, खाली एक चिठ्ठी, 'नऊ भाग. सोबत जोडले आहेत.' मी त्यांना थँक्यू म्हणालो. ते उभेच राहिले. कदाचित मी लगेच लावून बघेन असं त्यांना वाटत होतं. मी डिस्क ड्रॉवरमध्ये ठेवली, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे हॉस्पिटलला निघायचं होतं आणि बॅग भरायची होती. बॅग आई भरत होती, हे खरं.

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले तेव्हा गळ्याच्या मधोमध एक भोक होतं आणि त्यावर पांढरं फडकं. ते त्यातून श्वास घ्यायचे. पुढे रेडिएशन सुरू झालं. बोलायचं यंत्र मिळतं, पण ते एवढ्यात नको, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी एक दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर त्यांनी वर तारीख घातली आणि लिहिलं, 'भाताला वाफ आली का'. आई ते वाचून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मार्गशीर्षात वहीत पहिल्यांदा माझ्यासाठी ओळ आली. 'पाठ झालं का?'

"चालू आहे," मी म्हणालो.

दर आठवड्याला ओळ यायची. 'कुठवर आलास?' मी म्हणायचो, राखणदारांपर्यंत. पुढच्या आठवड्यात म्हणालो, विहिरीपर्यंत. डिस्क ड्रॉवरमध्ये होती. रोज वाटायचं, या शनिवारी बसू. आपल्याकडे वस्तू आहे, हवी तेव्हा उघडता येईल, या समाधानात माणूस किती दिवस काढू शकतो याला हिशेब नाही. बाबा मात्र मी खोटं सांगत असताना मान डोलवायचे. एकदा तर त्यांनी वहीत लिहिलं, 'विहिरीनंतर दम घे. मग म्हातारे.'

पौषात एका सोमवारी मी ती डिस्क बाहेर काढली. ऑफिसचं काम घरूनच चालू होतं, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर. एक मीटिंग कानात चालू होती. डिस्क लावली तशी स्क्रीनवर चौकट आली : या डिस्कमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करायची का? माझं बोट आपोआप 'दुरुस्त करा'वर गेलं. ती चौकट मी आयुष्यात शेकडो वेळा पाहिली असेल. मीटिंगमध्ये कुणीतरी माझं नाव घेतलं, मी काहीतरी उत्तर दिलं, आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं तेव्हा दुरुस्ती संपली होती. फोल्डर उघडलं. फोल्डर रिकामं होतं.

तेव्हाही मला वाटलं, काही नाही, मिळेल. पुसलेली फाइल लगेच मरत नाही, तिचं फक्त नाव जातं. हे मी लोकांना समजावून सांगतो. पण ती डिस्क मी पूर्वी माझ्या कागदपत्रांच्या बॅकअपसाठी वापरायचो. लावली की आपोआप बॅकअप सुरू व्हायचा. तसं मीच करून ठेवलं होतं, विसरायला नको म्हणून. मी रिकाम्या फोल्डरकडे बघत असताना तिकडे मोकळ्या झालेल्या जागेवर माझी कागदपत्रं लिहिली जात होती. सगळ्या आवृत्त्यांच्या सगळ्या याद्या. मी झटकन ती डिस्क उपटली. न सांगता उपटली.

मग बाबांचा लॅपटॉप आठवला. मूळ फाइली तिथे असणारच. बाबा रेडिएशनला गेले होते. मी आतल्या खोलीत जाऊन तो उघडला. तिथे काही नव्हतं. आईला विचारलं, "बाबांनी इथल्या फाइली काढल्या का?"

"काढल्या म्हणजे? तुला दिल्या ना त्यांनी," आई म्हणाली.

"दिल्या, पण इथे ठेवल्या नाहीत?"

"अरे, एकदा दिलेला कागद आपल्या टेबलावर कसा असेल? मला म्हणाले, जावक झाली."

खरं होतं. बाबांनी कॉपी केलं नव्हतं, कट करून पेस्ट केलं होतं. त्यांच्या हिशेबी फाइल एका वेळी एकाच टेबलावर असते. इथून गेली ती तिथे पोचली, आणि तिथल्या माणसाने ती बघून घेतली. तीस वर्षं त्यांनी असंच काम केलं आणि एक कागद हरवला नाही. आणि लॅपटॉप जोरात चालावा म्हणून मी जी नवी डिस्क बसवली होती, त्या जातीच्या डिस्का पुसलेली जागा स्वतःच कधीतरी कोरी करून टाकतात. यावरही माझी एक नोंद आहे. तिच्यापुढे 'तोडगा नाही' असं लिहिलंय.

हरवलेला डेटा काढून देणारं एक दुकान स्टेशनच्या पूर्वेला आहे. तिथला माणूस शांत होता. दोन दिवस डिस्क ठेवून घेतली आणि मग मला बोलावून स्क्रीन दाखवली. "भाईसाब, जहाँ आपका ऑडिओ था ना, वहाँ दूसरा डेटा बैठ गया है. डॉक्युमेंट हैं कुछ, बहुत सारे. उनको हटाऊँ तो भी नीचे कुछ नहीं है."

"कुछ तो होगा," मी म्हणालो.

"एक टुकड़ा है." त्याने लावलं. खरखर, मग बाबांचं खाकरणं, कुकरची शिट्टी, आणि बाबांचा आवाज, फाटलेला पण स्पष्ट : "गॅस बंद कर गं आधी. शिट्टी येतेय त्यात." तेवढंच. दुकानदार माझ्याकडे बघत होता. "ये काम का है?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने तो तुकडा पेन ड्राइव्हवर घालून दिला.

मी वाडीच्या ग्रुपवर मेसेज टाकला : मागच्या वर्षांचं गाऱ्हाणं कुणी शूट केलं असेल तर पाठवा. खूप जणांनी पाठवलं. पूजेची मांडणी, पंगत, पोरांची नाचगाणी, शिऱ्याची परात. गाऱ्हाणं कुणाकडेच नव्हतं. भाईंदरच्या चुलतकाकांना फोन केला तर ते म्हणाले, "अरे, गाऱ्हाण्याच्या टायमाला सगळ्यांचे हात जोडलेले असतात. मोबाइल धरणार कोण?" त्यांना स्वतःला किती येतं हे विचारलं. ते म्हणाले, मधलं मधलं येतं, पण कुणामागे कोण ते नाही सांगता येणार, ते तुझ्या बाबांचं काम. आईला विचारलं. "मला कुठे येतं?" ती म्हणाली. "मला व्हय कुठे म्हणायचं तेवढं येतं."

बाबांना सांगायला मी चार दिवस लावले. सांगितलं तेव्हा ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी सगळं सांगितलं, दोन टिंबांचं, दुरुस्तीचं, बॅकअपचं. त्यांना त्यातलं अर्धंअधिक कळलं नसेल. त्यांनी वही मांडीवर घेतली. मग लिहिलं, 'मिळाल्यावर उघडून पाहिलं नव्हतंस?'

"नाही."

'विहिरीपर्यंत आला होतास ना?'

मी मान खाली घातली. ओरडले असते, फेकून काही मारलं असतं, तर बरं वाटलं असतं. त्यांच्याजवळ ओरडायला आवाज नव्हता, हे माझ्या लक्षात आलं आणि मी उठून बाथरूममध्ये गेलो, नळ सोडून रडलो. बाहेर आलो तर ते वहीचं नवं पान काढून लिहायला बसले होते. मला वाटलं, सुटलो. लिहून देतायत.

त्यांनी सलग तीन दिवस प्रयत्न केला. ती पानं माझ्याजवळ आहेत, फाडलेली, आईने जोडून ठेवलेली. पहिल्या पानावर लिहिलंय, 'प्रति, गावदेवी. विनंती की, सदर वाडीतील रहिवासी नोकरीनिमित्त अन्यत्र वास्तव्यास असून...' पुढे खाडाखोड. दुसऱ्या पानावर नुसतं 'बा' आणि रेघ. त्यांच्या हाताला कचेरीचंच मराठी येत होतं. ते दुसरं, न्हाय-हाय-वालं, फक्त तोंडाला माहीत होतं. आपण काय म्हणायचो हे आठवायला ते ओठ हलवायचे, फडकं हलायचं, आणि काहीच ऐकू न आल्यामुळे त्यांना पुढचं सुचायचं नाही. आधीचं वाक्य कानावर पडलं की पुढचं येतं, असं होतं ते सगळं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन बंद केलं आणि लिहिण्यासाठी पुन्हा उघडलं : 'ते लिहायचं नसतंच. तुला शिकवायचं होतं.'

मी विचारलं, "बाबा, मी ओठ बघून शिकू का?" आम्ही तेही केलं. दोन संध्याकाळी समोरासमोर बसलो, जसं आधी बसायला हवं होतं तसं. ते बोलायचे, मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. 'म्हाराजा' तेवढं ओळखू यायचं. बाकी मला काही कळलं नाही. ते दमायचे, त्यांना खोकला लागायचा, आई ओरडायची, पुरे आता.

माघातला रविवार आला. मी म्हणालो यंदा आपण नको जाऊया. बाबांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला होता. हॉलमध्ये सगळे त्यांच्या पाया पडत होते, त्यांच्याशी मोठ्यानं बोलत होते, जणू ऐकूही येत नसावं. म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघून म्हणत होत्या, "आता तुलाच घालायचंय रं गाऱ्हाणं. बापाचंच घेतलंस ना सगळं?" मी हसायचो. पूजा झाली. चुलतकाकांनी नारळ आणला आणि तो कुणाकडे द्यायचा हे न कळून आमच्या दोघांच्या मधे धरला. बाबांनी घेतला.

ते देवापुढे उभे राहिले. मान वर, डोळे मिटलेले. ओठ हलू लागले.  गळ्यावरचं फडकं आत-बाहेर होत होतं, एकेका वाक्याला एकदा. मग ते थांबलं आणि आई एकटी म्हणाली, "व्हय म्हाराजा." दुसऱ्या वाक्याला ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्याला बाकीच्यांनी तिच्या मागून म्हटलं, थोडं उशिरा, कारण सगळे आता तिच्याकडे बघून म्हणत होते. असं राखणदारांपर्यंत चाललं असावं. नक्की मी सांगू शकत नाही. मग बाबांना खोकल्याची उबळ आली. फडकं ओलं झालं. आई धावली, कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी, पाणी कसं द्यायचं ते कुणाला कळेना. त्यांनी सगळ्यांना हाताने बाजूला केलं आणि नारळ माझ्या हातात दिला.

गाऱ्हाणं अर्ध्यावर टाकत नाहीत. ते पुरं व्हावं लागतं, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत आहे.

नारळ जड होता आणि बाबांच्या हाताने गरम झाला होता. मी देवापुढे उभा राहिलो. विहिरीपाशी ज्याला दिवा लावतात त्याला काय हाक मारायची हे मला आठवेना. त्याच्या पुढचे म्हातारे, त्यांची नावं, त्यांचा क्रम, काही आठवेना. ज्यांनी वाडी वसवली त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येत नव्हतं. मागे दीडशे माणसं उभी होती आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही सांगायचं राहिलं होतं. या वर्षी कुणाला फोन करून विचारलंही नव्हतं.

"बा गावदेवी म्हाराजा," मी म्हणालो.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि पुढचं ऐकायला थांबले. मी वळून पाहिलं. खुर्चीत बसलेल्या बाबांनीही हात जोडले होते.